पडलेल्या कैऱ्या, पिकलेले रातांबे आणि मिक्सर

नमस्कार मंडळी. रात्री वळीव झोडपून गेला की सकाळी परसात काय दिसतं ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, पाय ठेवायला जागा नाही इतक्या कैऱ्या. पहिल्या दिवशी शेजारी खुशीत पिशवी घेतात, दुसऱ्या दिवशी "आमच्याकडेपण पडल्यात हो" म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन येतेय दिसलं की दार उघडायलाच वेळ लागतो. लोणचं तरी किती घालणार? मग उरतं ते पन्हं.

पण पडलेली कैरी थांबत नाही, जिथे मार बसलाय तिथून दुसऱ्या दिवशी काळी पडायला लागते, म्हणून त्याच दिवशी बसायचं. मार लागलेला भाग कापून टाका, देठाकडचा चीक जायला तासभर पाण्यात ठेवा, मग कुकरला लावा. गार झाल्यावर गर पिळून काढायचा, वाटीभर गराला दीड ते दोन वाटी गूळ, वेलची, चवीला मीठ. आणि इथेच बरेच जण चुकतात बघा, पाणी घालून तयार पन्ह्याच्या बाटल्या भरून ठेवतात आणि मग दोन-चार दिवसांत आंबलं म्हणून कैरीला नावं ठेवतात. पाणी ग्लासात, प्यायच्या वेळी. जास्तच गर असेल तर गूळ न घालता बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, दिवाळीतसुद्धा पन्हं निघतं. भांडं मात्र स्टीलचं घ्या, आंबट गर पितळ-अ‍ॅल्युमिनियममध्ये ठेवायचा नाही.

त्याच दिवसांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात आणि तिथे तर पावसाशी शर्यतच. फळं धुवून पुसून एकदम कोरडी करायची, फोडून बिया काढायच्या (बिया टाकू नका हं, कोकमाचं तेल त्याचंच), मग काचेच्या बरणीत एक थर सालींचा, एक थर साखरेचा. साखर सालींच्या वजनाच्या दुप्पट. फडकं बांधून आठ-दहा दिवस उन्हात, रोज कोरड्या लाकडी चमच्याने हलवायचं, साखर विरघळून लालभडक पाक सुटतो तेच आपलं अमृत कोकम. एका वर्षी मला हेल्दी व्हायची हुक्की आली आणि मी साखर निम्मीच घातली. पाचव्या दिवशी बरणीवर फेस, आणि सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त बरणीकडे बघून आत गेल्या. साखर तिथे गोडासाठी कमी आणि टिकण्यासाठी जास्त असते, ती कमी पडली की सगळं आंबतं.

आता मिक्सरबद्दल. जांभळं मिक्सरला लावू नका, बी फुटली की रस तुरट-कडू होतो, हातानेच कुस्करा. पिकलेल्या पपईचा दूध घालून शेक केलात तर लगेच प्या, ठेवून दिला की तासा-दोन तासांत कडू लागतो, दूध खराब नसतं, पपईच दुधावर काम करते. केळ्यांचा घड एकदम पिकला तर सोलून, काप करून फ्रीझरमध्ये टाका, त्याच्या स्मूदीला वेगळा बर्फ लागत नाही.

आणि दुधी. पावसाळ्यात मांडवावर इतके दुधी लागतात की हल्ली लोक रोज सकाळी ज्यूस काढून पितात. त्याआधी एकच करा, कच्च्या दुधीची छोटी चकती कापून जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंका, चूळ भरा आणि तो दुधी टाकून द्या. त्यात कुकुर्बिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं, शिजवूनही जात नाही, उलट्या-जुलाब होतात, रक्तही पडू शकतं, माणसं दगावलीयत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञांनी 2012 साली छापलेल्या अहवालात हेच म्हटलंय, शिवाय दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका असंही. कारण आलं-लिंबू-आवळा घातला की कडूपणा कळतच नाही ना. पिऊन झाल्यावर पोटात कळ आली किंवा मळमळलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना. आणि हो, कडू निघालेला दुधी भाजीलाही नाही, गुरांनाही नाही, आणि दार उशिरा उघडणाऱ्या शेजाऱ्यांनाही नाही.