पाँपेईतलं जातं

श्रोतेहो, नमस्कार.

आज तुम्हाला इटलीतल्या पाँपेईला घेऊन जाते. फार वेळ नाही, दोन-अडीच तासांची फेरी, गाईड बरोबर घेऊन. नेपल्सहून लोकल गाडी सुटते, वाटेत व्हेसुव्हियसचा डोंगर दिसत राहतो, आणि स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच फाटक. आधी तीन गोष्टी लक्षात ठेवा: चांगले बूट, टोपी आणि पाण्याची बाटली. आत सावली फार थोडी, आणि रस्ते मोठमोठ्या दगडी फरश्यांचे, उंचसखल. पाणी विकत घ्यावं लागत नाही. चौकाचौकात जुने दगडी हौद आहेत, त्यांतल्या बऱ्याच हौदांच्या नळांना आजही पिण्याचं पाणी येतं. हौदाचा काठ एका जागी झिजलेला दिसेल. पाणी प्यायला वाकताना हजारो लोकांनी तिथे हात टेकला, म्हणून तो झिजला. तुमचाही हात बरोबर तिथेच टेकतो.

इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि हे गाव राखेखाली, दगडांच्या वर्षावाखाली गाडलं गेलं. १७४८ साली खणायला सुरुवात झाली, आणि अजून गावाचा सुमारे एक तृतीयांश भाग जमिनीखालीच आहे. गाईड तुम्हाला मरिना दरवाज्यातून आत नेतात, मग मोठा चौक, म्हणजे फोरम, मग स्नानगृहं, मग दुकानांची रांग. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड ठेवलेत, आणि दोन दगडांमधून गाडीचं चाक जाईल एवढी जागा सोडली आहे. चाकोऱ्या दगडात खोल उमटल्यात. चाकोरी हा शब्द आपण रोज वापरतो, पण दगडात पडलेली चाकोरी मी तिथे पहिल्यांदा पाहिली.

बारा दिवसांत दहा देश दाखवणाऱ्या सहलींत पाँपेईला एक तास देतात. माझं स्पष्ट मत आहे, दोन देश कमी बघा, पण इथे अर्धा दिवस द्या.

आता मला जे सांगायचंच आहे ते सांगते. आमच्याबरोबर माझ्या आत्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, माण तालुक्यातल्या. लहानपणापासून पहाटे उठून दळलेलं. फोरममध्ये त्या शांत होत्या, देवळांचे खांब बघून ‘बरं’ म्हणाल्या. मग आम्ही एका बेकरीत शिरलो. नकाशावर तिचं नाव पोपिडियस प्रिस्कसची बेकरी. पाँपेईत अशा तीसहून जास्त बेकऱ्या सापडल्यात. मागे विटांची मोठी भट्टी, आणि अंगणात कमरेच्याही वर येतील असे दगड उभे. खाली शंकूसारखा दगड, त्याच्यावर डमरूसारखा पोकळ दगड टोपीसारखा बसवलेला.

गाईडबाई इंग्रजीत सांगू लागल्या, मी मराठीत आत्यांना सांगायला वळले, तर आत्या जागेवर नव्हत्या. त्या दगडापाशी गेल्या होत्या. हात लावायचा नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून हात पाठीमागे बांधून नुसत्या वाकल्या होत्या. म्हणाल्या, “अगं, हे जातं आहे. नुसतं उभं केलंय.”

मग त्या एकेक सांगत गेल्या आणि मी इंग्रजी करत गेले. वरच्या वाटीत वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घालायची, पीठ खाली कडेनं पडणार. कमरेला जी चौकोनी भोकं आहेत तिथे लाकूड घालत असणार, तोच यांचा खुंटा. दगडाकडे निरखून म्हणाल्या, “भोकाभोकाचा दगड आहे. झिजला तरी खरखरीतच राहील. याला टाकी कमी लागंल.” टाकी म्हणजे झिजलेला दगड छिन्नीनं पुन्हा खरखरीत करणं. मी हे सांगितलं तशा गाईडबाई बोलायच्या थांबल्या. त्या म्हणाल्या, अगदी बरोबर, हा ज्वालामुखीच्या लाव्हाचा दगड, आणि याच गुणासाठी निवडलेला. पण आत्यांचं अजून संपलं नव्हतं. “वरचा दगड दोन्हीकडनं सारखाच आहे. एक बाजू झिजली की उलटा करून बसवत असतील.” गाईडबाईंनी टाळ्या वाजवल्या. अभ्यासकही तसंच सांगतात, म्हणाल्या.

मला केवढा अभिमान वाटला! आपलं घरचं जातं काळ्या पाषाणाचं, तोही लाव्हाचाच दगड, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ज्या बाईनं आयुष्यभर त्या दगडाशी काम केलं, तिला वाचावं लागलं नाही. म्हणून हात जोडून सांगते, घरातलं जातं भंगारात देऊ नका, बागेत कुंडीखाली ठेवू नका. महिन्यातून एकदा तरी त्यावर मेतकूट दळा. आणि ज्वारीचं पीठ आठवड्यापेक्षा जास्त दिवसांचं नको, भाकरी थापताना चिरते.

तर, आत्यांनी शेवटी विचारलं, “इथं दळायचं कोण? बायका?” गाईडबाई म्हणाल्या, गाढवं, खेचरं, आणि गुलाम. जनावरांच्या डोळ्यांना झापडं बांधायचे. आत्या जराशा थांबल्या आणि म्हणाल्या, “मग गात कोण होतं?”

मी हे इंग्रजीत सांगितलं. गाईडबाईंना कळेना, दळताना गाणं कशाला? तेव्हा आत्यांनी त्यांच्या आईची एक ओवी म्हटली. हलक्या आवाजात, भट्टीकडे तोंड करून. आमचे वीसएक लोक, कुठकुठल्या देशांचे, उभे राहिले. कुणी फोन वर केला नाही. ओवी संपली आणि गाईडबाई घड्याळ बघून म्हणाल्या, आता अँफिथिएटर होणार नाही. नाही झालं. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

पुढे डिसेंबर २०२३ मध्ये बातमी आली. पाँपेईत आणखी एक बेकरी खणून निघाली होती. बारक्या खिडक्या, त्यांना लोखंडी गज, आणि बाहेर रस्त्यावर जायला दारच नाही. गुलाम आणि गाढवं एकत्र आत कोंडलेली, आणि जमिनीच्या फरशीत जनावरांची पावलं ठरल्या जागी पडावीत म्हणून कोरलेल्या खुणा. मी ती बातमी आत्यांना वाचून दाखवली. त्यांनी शेंगा सोलायच्या थांबवल्या. म्हणाल्या, “परत वाच. दाराचं परत वाच.” मी परत वाचलं.

वेळ थोडा उरलाय, एक गोष्ट चटकन सांगते. पाँपेई झाल्यावर नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय चुकवू नका. तिथे वीतभर उंचीची हस्तिदंती मूर्ती आहे, १९३८ साली पाँपेईच्या एका घरात सापडलेली आणि भारतातून गेलेली. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्यात. नेपल्स लांब पडलं तर तेरचं संग्रहालय आहेच, ते तर एका दिवसात होतं.

तर बूट, टोपी, पाण्याची बाटली. गाईडना पहिल्याच मिनिटाला सांगा, बेकरी दाखवा. आणि नेपल्सचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं. परत सांगते, मंगळवारी बंद. नमस्कार.