उपग्रह वाजवून घेताना

ठाणे आणि नवी मुंबईच्या श्रोत्यांना नमस्कार.

उन्हाळ्यात माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर तडा आहे. रॉकेटचे हादरे सोसेल का हे बघायला उपग्रहही उड्डाणाआधी असाच वाजवून घेतात.

त्यासाठीचं हादरवणारं यंत्र, शेकर, म्हणजे अवाढव्य लाउडस्पीकरच समजा, कागदी कोनाऐवजी धातूचा पाट. त्यावर उपग्रह बोल्टने आवळतात आणि अंगावर ठिकठिकाणी कंपन मोजणारे अ‍ॅक्सेलरोमीटर चिकटवतात. आधी अगदी हलकं कंपन, वारंवारता हळूहळू चढवत. कुठला भाग किती हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला किती कंपनांना, थरथरतो, त्याचा आलेख मिळतो. मग उड्डाणात बसतील त्याहून थोडे जोराचे हादरे. आणि मग पुन्हा तीच हलकी टिचकी! आता दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवायचे. आधी 60 हर्ट्झला असलेलं शिखर 55 वर घसरलं, तर कुठला तरी बोल्ट सैल झालाय किंवा सांधा तडकलाय. वरून काही दिसत नसलं तरी उघडायचंच.

पण हादरवणारं यंत्रच बिघडलेलं असेल तर? मार्च 2000मध्ये नासाच्या हेसी या सूर्याच्या अभ्यासासाठीच्या उपग्रहाला 2 जीपेक्षा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीपेक्षा, कमी धक्का द्यायचा होता, बसला सुमारे 20 जीचा. शेकरच्या सरकत्या पाटात दोष होता. उपग्रह चढवण्याआधी त्याच्या जागी नुसतं वजन ठेवून पाट चालवून पाहिला असता, तर तो तेव्हाच कळला असता. दुरुस्ती होऊन हेसी उडाला तो थेट फेब्रुवारी 2002मध्ये.

यानंतर हवा काढून घेतलेल्या निर्वात टाकीत उपग्रहाला तापवून-गारठवून बघतात. तिथे खरी डोकेदुखी गोंद आणि प्लास्टिकची. निर्वातात त्यांतून वाफ सुटते आणि नेमकी भिंगावर जाऊन बसते. म्हणून प्रत्येक पदार्थ आधीच 125 अंश सेल्सिअसला 24 तास निर्वातात ठेवतात. वजन 1 टक्क्याहून जास्त घटलं, किंवा सुटलेल्या वाफेचा शेजारच्या थंड पट्टीवर 0.1 टक्क्याहून जास्त थर साचला, की तो बाद. किती स्वस्त-मस्त का असेना.

आणि ओलावा! जुलैत आपल्याकडे पापड कसे सादळतात, ठाऊक आहेच. कार्बन फायबर, म्हणजे कार्बनचे धागे राळेत बसवून केलेला हलका पदार्थ, तोही तसाच हवेतलं पाणी पितो, आणि अवकाशात ते सोडताना किंचित आखडतो. दुर्बिणीची नळी त्याची असेल, तर जमिनीवर फोकस जुळवतानाच हे आखडणं हिशेबात धरून आरसा तेवढा सरकवून बसवतात.