बॉल पायथन जेवतो कसा आणि पचवतो कसा

स्क्रीनवर आत्ता जो दिसतोय तो बॉल पायथन, अजगराच्या कुळातला साप, मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा, घाना टोगो बेनिन त्या पट्ट्यातला, दिवसभर उंदराच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून राहणार आणि रात्री बाहेर पडणार. अमेरिका-युरोपात हा खूप जण पाळतात आणि पाळणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच, हा जेवत का नाहीये?

आधी जेवतो कसा ते बघूया. वरच्या ओठाच्या कडेला या बारीक खाचा दिसतायत ना, त्यांनी त्याला उष्णता कळते, म्हणजे गच्च अंधारातही गरम रक्ताचा उंदीर कुठे बसलाय हे त्याला बरोबर समजतं. त्यामुळे फ्रोजन उंदीर नुसता वितळवून समोर ठेवला तर बरेच साप ढुंकूनही बघत नाहीत, पण तोच गरम पाण्यात ठेवून 38-40 डिग्रीपर्यंत आणला, पुसून कोरडा केला आणि लांब चिमट्यात धरून जरासा हलवला की लगेच मान वर होते. मायक्रोवेव्ह नको, बाहेरून शिजतो आणि आत बर्फ तसाच राहतो. आणि जिवंत उंदीर तर प्लीज टाकू नका, जीव वाचवायला तो चावणारच, आणि सापाला भूक नसेल तर रात्रभर त्याची पाठ कुरतडून काढतो.

ही बघा झडप. स्लो मोशनमध्ये पण क्षणभरच दिसते. आत वळलेल्या दातांनी पकडलं, लगेच वेटोळं. उंदीर गुदमरून मरतो असं आपण लहानपणापासून ऐकलंय, पण 2015 साली अमेरिकेत बोआ सापांवर झालेल्या प्रयोगात दिसलं की काही सेकंदातच उंदराचा रक्तप्रवाह कोलमडतो, श्वास कोंडायची वेळच येत नाही. बॉल पायथनची आवळायची पद्धत तीच.

आता तो उंदराचं डोकं शोधतोय. जबडा निखळतो वगैरे काही नाही हं, खालच्या जबड्याची दोन हाडं पुढे एकमेकांना जुळलेलीच नसतात, मधे ताणला जाणारा बंध असतो, म्हणून एकदा डावी बाजू पुढे, मग उजवी, असं करत तो स्वतःच घासावर चढत जातो. तोंडाच्या खालच्या बाजूला ही छोटी नळी पुढे आलेली दिसतेय? ते श्वासनलिकेचं तोंड, एवढा मोठा घास तोंडात असताना तो तिथून श्वास घेतोय.

खरी कमाल इथून पुढे. उपाशी असताना याचं जठर जवळजवळ बंद असतं, आम्ल नाहीच म्हटलं तरी चालेल. घास आत गेला की सगळं कामाला लागतं, दिवसभरात जठर प्रचंड आम्लयुक्त होतं, आतड्याचं वजन वाढतं. याच्या मोठ्या भावावर, बर्मीज पायथनवर, स्टीफन सेकोर आणि इतर शास्त्रज्ञांनी खूप काम केलंय, तिथे मोठ्या जेवणानंतर शरीराचा ऊर्जाखर्च 40 पटीपर्यंत गेलेला दिसला आणि 2005 च्या एका अभ्यासात 2 दिवसात हृदय 40 टक्क्यांनी वाढलेलं. 2007 मध्ये पाच जातींचे पायथन तपासले त्यात बॉल पायथनही होता, आणि पचनाची ही चालू-बंद व्हायची रीत त्याच्यातही सापडली.

पण हे सगळं उष्णतेवर चालतं. साप ठेवता त्या पेटीची गरम बाजू 31-33 डिग्री हवी. गारठला तर उंदीर पोटात सडायला लागतो आणि साप तो बाहेर टाकतो. जेवल्यावर निदान 48 तास हातात पण घेऊ नका, घाबरला तरी तो उंदीर बाहेर टाकतो. आपल्याकडे शेतात शिकार गिळून सुस्त पडलेला अजगर दिसला की गर्दी जमते, कोणी काठीने ढोसतं, आणि बिचारा घाबरून सगळी शिकार ओकून टाकतो, सर्पमित्र कळवळून सांगत असतात की त्याला पडू द्या. पाळलेल्या सापाला एकदा उलटी झाली की 10-14 दिवस काहीही देऊ नका आणि पुढचा उंदीर छोटा द्या.

आता तो न जेवण्याचा प्रश्न. मोठा नर विणीच्या काळात महिनोन्‌महिने तोंड फिरवतो, मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून दोनेक महिने उपाशी बसते, कात टाकायच्या आधी तर बहुतेक सगळेच नको म्हणतात. अशा वेळी रोज उंदीर नाचवून त्याला छळू नका, तापमान तपासा, लपायला जागा द्या आणि वजन करत राहा. वजन 10 टक्क्यांहून जास्त घटलं, किंवा तोंडात फेस, श्वासाचा घरघर आवाज असं काही दिसलं तर मात्र सापांचं कळणाऱ्या व्हेटकडे लगेच.

भारतात पाळत असाल तर 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि आपला देशी अजगर तर पाळताच येत नाही.

आणि हे शेवटचं, पेटीच्या कोपऱ्यात. तपकिरी भाग म्हणजे विष्ठा, त्यात उंदराचे केस तसेच दिसतायत कारण हाडं विरघळतात पण केस पचत नाहीत, आणि बाजूचा पांढरा खडूसारखा गोळा म्हणजे त्याची लघवी. हे पडलं की पेटी साफ करा, साप वजनकाट्यावर ठेवा आणि वजन तारखेसकट लिहून ठेवा.