हिरवा कुणाचा?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘हिरव्या क्वार्ट्झची ओळख आणि नावं’. क्वार्ट्झ म्हणजे आपल्या गारगोटीचं खनिज. त्यावर येतोच. पण माझ्या डोक्यात हा विषय शिरला तो एका अंगठीमुळे, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

माझ्या आत्याला कुणीतरी सांगितलं, बुध बिघडलाय, पाचू घाल. पाचू परवडेना, म्हणून मग उपरत्न. सराफाने चांदीत मढवून दिलं आणि पावतीवर लिहिलं ‘ओनेक्स, हिरवा’. आत्याने ती अंगठी करंगळीत अकरा वर्षं घातली. भांडी घासली, गहू निवडले, सगळं त्याच हाताने. एका दिवाळीला मी भिंग घेऊन गेलो होतो, तर तिने हात पुढे केला. म्हणाली, “अरे, तू दगडं बघत फिरतोस ना? मग हा बघ.”

दहापट भिंगातून पाहिलं. बुडबुडे कुठेच नव्हते, म्हणजे काच वाटत नव्हती. अभ्रकाची चमक नाही. रंग सगळीकडे इतका एकसारखा, की भिंतीला ऑइलपेंट मारावा तसा. मात्र कडेला, चांदीच्या पकडीजवळ, भांड्यावर आपटून एक बारीकसा टवका उडाला होता आणि तिथून एक चीर आत गेली होती. त्या चिरेत हिरवा रंग जास्त गडद होता, शाई कागदाच्या घडीत साचते तसा. मग चेल्सी फिल्टर लावला. हा फिल्टर १९३४ मध्ये लंडनमध्ये तयार झाला, मुख्यतः पाचू तपासायला. त्यातून फक्त गडद लाल आणि पिवळट हिरवा प्रकाश आरपार जातो. आत्याचा हिरवा दगड त्यातून मळकट तांबूस दिसला. हा क्रोमियमच्या क्षारांचा रंग. दगडात मुरवलेला.

मी सांगितलं, “आत्या, हा कॅल्सेडनी आहे. क्वार्ट्झच्याच घरातला, अगदी बारीक कणांचा. रंग मात्र वरून दिलेला आहे.” ती म्हणाली, “म्हणजे दगड खोटा?” म्हटलं, दगड खरा आहे, नाव चुकीचं आहे. ओनेक्स म्हणजे सरळ समांतर पट्ट्यांचा दगड, आणि ह्यात एकही पट्टी नाही. ती जरा वेळ गप्प बसली. मग विचारलं, “दगड ह्याचा, नाव त्याचं. मग हिरवा कुणाचा रे?”

मंडळी, चाळीस वर्षं दगड हाताळतोय, पण इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. कारण क्वार्ट्झला स्वतःचा रंगच नाही. सिलिकॉन आणि ऑक्सिजन, बस्स. आपली गारगोटी पांढरी, स्फटिक पाण्यासारखा. हिरवा असेल तर तो कुणाकडून तरी आलेला असतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की तो कुणाकडून आला ते नावातून किंवा निदान पावतीतून कळलं पाहिजे.

आता आपल्या पायाखालचंच बघा. दख्खनचा बसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा थंड होताना वायूच्या पोकळ्या राहिल्या. त्यांच्या भिंतींवर पुष्कळदा हिरवट मातीसारखा थर दिसतो, तो सेलॅडोनाइट. विहिरीचा ताजा मुरूम हातात घ्या, बोटाला हिरवी पूड लागेल. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा ह्याच जातीच्या हिरव्या मातीचा आहे. ज्या खडकात लेणं कोरलं त्या खडकानेच रंगही दिला, ह्याचं मला दर वेळी नव्याने भरून येतं. पुढे त्याच पोकळीत सिलिका, म्हणजे क्वार्ट्झचंच द्रव्य, झिरपली आणि सेलॅडोनाइटचे धागे तिच्यात अडकले, की होतो मॉस ॲगेट. शेवाळ वाटतं, पण शेवाळाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

आणि त्याच पोकळ्यांतली एक फसगत. २००१ मध्ये राहुरीजवळ मोमीन आखाड्याला विहीर खोदताना हिरव्या ॲपोफिलाइटचे अप्रतिम गोळे निघाले. हे क्वार्ट्झ नव्हे, वेगळंच खनिज. पुण्यात पाषाणच्या खाणींतूनही हिरवा ॲपोफिलाइट आलेला आहे. तो हिरवा व्हॅनेडियमचा. माझ्याकडे कितीतरी जण असे खडे ‘हिरवा क्वार्ट्झ’ म्हणून घेऊन येतात. एक साधा चाकू पुरतो. ॲपोफिलाइटची कठिणता दहाच्या मापावर साडेचार ते पाच, त्यावर पोलादी चाकूचा ओरखडा उठतो. क्वार्ट्झची सात, तिथे उलट चाकूचंच पातं दगडावर करडी रेघ सोडतं. शिवाय ॲपोफिलाइटचा सपाट माथा मोत्यासारखा झळकतो. पण चांगल्या नमुन्यावर चाकू चालवू नका, तुटक्या तुकड्यावर बघा.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली म्हणतायत. म्हणजे नावं आता भराभर घ्यायला हवीत.

क्रिसोप्रेज. सफरचंदी हिरवा, अर्धपारदर्शक, रंग निकेलचा. नावातलं ‘प्रेज’ ग्रीक ‘प्रासोन’वरून, म्हणजे कांद्याच्या जातीची एक भाजी, आपण कांद्याची पात समजा. पोलंडमधलं श्क्लारी आणि ऑस्ट्रेलियातलं मार्लबरो ही त्याची नावाजलेली ठिकाणं. फिल्टरखाली तो हिरवाच राहतो, आत्याच्या खड्यासारखा तांबूस होत नाही.

ॲव्हेंच्युरिन. आपल्या शेजारच्या कर्नाटकातून येतो, भिंगाखाली अभ्रकाचे हिरवे कण लुकलुकतात. ते फुक्साइट, म्हणजे क्रोमियमयुक्त अभ्रक. हे नाव मुळात व्हेनिसजवळच्या मुरानोत बनणाऱ्या चमकदार काचेचं, ते नंतर दगडाला लागलं. बाजारात त्याला ‘इंडियन जेड’ म्हणतात, ते साफ चूक. वजन करून बघा. खडा हवेत ५.३० ग्रॅम भरला आणि दोऱ्याने पाण्यात टांगून ३.३० भरला, तर घट २.००. हवेतल्या वजनाला घटीने भागा, येतात २.६५, म्हणजे क्वार्ट्झ. जेडच्या दोन्ही जाती ह्याहून जड, नेफ्राइट २.९५ च्या आसपास आणि जेडाइट ३.३ च्या पुढे.

ब्लडस्टोन म्हणजे गडद हिरव्या कॅल्सेडनीवर लोहाच्या ऑक्साइडचे लाल ठिपके. दख्खनमध्ये सापडतो. त्याच्याबद्दल नावाची तक्रार नाही, पुढे जातो.

आणि माझी खरी तक्रार, ‘ग्रीन अमेथिस्ट’. अमेथिस्ट म्हणजेच जांभळा क्वार्ट्झ, मग हिरवा अमेथिस्ट कसा असेल? हा प्रॅझिओलाइट. ब्राझीलमध्ये मिनास जेराइसच्या माँटेझुमाचा अमेथिस्ट सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवला की हिरवा होतो. बहुतेक खाणींचा अमेथिस्ट तापवल्यावर पिवळा पडतो, हा हिरवा होतो. दोन्हीकडे करामत लोहाचीच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ च्या मार्गदर्शक नियमांत हे नाव दिशाभूल करणारं म्हणून नोंदवलंय. आपल्या दुकानांत अजून सर्रास चालतं. तापवणं हा गुन्हा नाही हो. खंबातचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या अकीक तापवून लाल करतात, ती थोर कला आहे. पण तापवलाय तर तसं सांगा. काही क्वार्ट्झ गॅमा किरणांनीही हिरवा करतात, तो रंग उन्हात उतरतो. घेणाऱ्याला हे आधी कळायला नको?

वेळ संपली. ज्यांनी अंगठ्या, पेंडंट आणलीत त्यांनी इकडे टेबलापाशी या. फिल्टर एकच आहे, तेव्हा एकेक जण. जुना पिवळा बल्ब मुद्दाम आणलाय, एलईडीखाली फिल्टर फसवतो. आणि खडा कोंदणातून काढू नका, सुटे असतील तेवढेच पाण्यात तोलू. पावती असेल तर तीही दाखवा.