बैठकीच्या खोलीतला शेवटचा अल्बम

(दृश्य: नागपूर, धरमपेठ. जुन्या घराचा जिना. वरच्या मजल्यावरून पुरुषांच्या वृंदगानाचा आवाज येतो आहे.)

जानेवारी २०१८. न्यूयॉर्कमध्ये ग्रॅमी पुरस्कार जाहीर झाले. सर्वोत्तम रॉक सादरीकरणाच्या यादीत फू फायटर्ससारखी कान बधिर करणारी मंडळी होती. आणि पुरस्कार गेला अशा गाण्याला, ज्यात गायक गातच नाही म्हटलं तरी चालेल. तो बोलतो. सावकाश, खर्जात, एकेक शब्द तोलून. पुरस्कार घ्यायला तो नव्हता. लिओनार्ड कोहेनला जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं.

गाणं आणि अल्बम दोन्हींचं नाव एकच, ‘यू वॉन्ट इट डार्कर’. नऊ गाणी, जेमतेम छत्तीस मिनिटं. बर्डीहून हिंगण्याच्या बसमध्ये बसलात तर उतरायच्या आत संपतो.

(दृश्य: फिरती तबकडी, सुई. खोलीत पाच-सहा माणसं. एक मुलगा गिटार मांडीवर घेऊन बसला आहे.)

या खोलीत अधूनमधून काही मंडळी जमतात आणि एखादा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. मध्ये बोलायचं नाही असा नियम आहे, तो कोणी पाळत नाही. आज बँडमध्ये गिटार वाजवणारा एक मुलगा पहिल्यांदाच आला आहे. दोन मिनिटांत त्याचा धीर सुटला.

“काका, हा गाऊन राहिला की वाचून राहिला?”

“आधी ऐक ना बे पुरतं.”

प्रश्न मात्र रास्त आहे. कोहेन मुळात कवी. मॉन्ट्रिअलमध्ये १९३४ साली जन्मलेला, पहिला कवितासंग्रह १९५६ चा. गाण्याचा पहिला अल्बम १९६७ च्या डिसेंबरात आला, तेव्हा वय तेहतीस. रॉकच्या धंद्यात हे म्हातारपणच. त्या अल्बममधला आवाज कोवळा, जरासा नाकातला. पुढे सिगारेटी आणि वर्षं यांनी तो खाली खाली नेला. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी मोजकेच स्वर हाताशी उरले होते, आणि त्याने नसलेल्या स्वरांच्या वाटेला जायचं सोडून दिलं. गाण्याची चाल वृंदगान आणि वाद्यं पुढे नेतात. हा फक्त ओळ ठेवतो. मायक्रोफोन इतका जवळ आहे की ओठ उघडल्याचंही ऐकू येतं.

नागपूरला याची सवय असायला हवी. ग्रेस याच गावात राहिले, याच गावात शिकवत होते. सुरेश भटांच्या नावाचं सभागृह रेशीमबागेत आहे. कवीने स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या संथ लयीत ऐकवणं आणि श्रोत्यांनी शब्दासाठी ताटकळणं, ही इथली जुनी मैफल. म्हणून रॉकचे कान घेऊन या अल्बमकडे जाऊ नका. कविसंमेलनाचे कान घेऊन जा.

(दृश्य: रिकामी खुर्ची, टेबल, लॅपटॉप, मायक्रोफोन. नाट्यरूपांतर.)

हा अल्बम झाला कसा, ते सांगण्यासारखं आहे. २००५ च्या सुमारास कोहेनच्या लक्षात आलं की म्हातारपणाची पुंजी मॅनेजरनेच साफ केली आहे. प्रकरण कोर्टात गेलं, निकाल बाजूने लागला, पैसे मात्र हातात पडेनात. मग २००८ च्या मे महिन्यात, त्र्याहत्तराव्या वर्षी, तो पुन्हा दौऱ्यावर निघाला. २०१३ च्या डिसेंबरात ऑकलंडला थांबला. मधल्या काळात, २०१२ ला एक नवा अल्बम, दौरा संपल्यावर २०१४ ला दुसरा. पोटासाठी म्हणून निघालेला माणूस उतारवयात इतकं काम करून गेला.

त्यानंतर पाठीच्या मणक्यांनी दगा दिला. चालणं अवघड, स्टुडिओत जाणं अशक्य. मग मुलगा अ‍ॅडम स्टुडिओच घरी घेऊन आला. लॉस एंजेलिसमधल्या घराची बैठकीची खोली, पाठीला आधार देणारी वैद्यकीय खुर्ची, समोर मायक्रोफोन. दुखणं कमी असेल तेवढा वेळ काम, नाहीतर राहू द्या. निर्माता म्हणून नाव अ‍ॅडमचं आहे. १९९० मध्ये हाच अ‍ॅडम मोटार अपघातात जबर जखमी होऊन रुग्णालयात पडला होता, तेव्हा बाप त्याच्या उशाशी बसून वाचून दाखवत होता. त्या घरात फेड वगैरे शब्द कोणी वापरला असेल असं वाटत नाही.

सुरुवातीला ऐकू येतं ते वृंदगान मॉन्ट्रिअलच्या शार हाशोमायिम या सिनेगॉगचं, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहाचं. कोहेनचे पणजोबा आणि आजोबा दोघंही तिथले अध्यक्ष होते. लहानपणी कानावर पडलेला तोच गायनवृंद त्याला हवा होता. त्यांनी तिकडे गाऊन दिलं, याने इकडे शब्द दिले. मध्ये अख्खा खंड.

(दृश्य: दीक्षाभूमीचा स्तूप, सकाळचं ऊन.)

आपल्या बाजूचा एक धागा यात आहे. १९९६ मध्ये कोहेनने झेन या बौद्ध पंथाच्या भिक्षूची दीक्षा घेतली, माउंट बाल्डीच्या मठात. गुरू जपानी. दीक्षाभूमीच्या गावाला यात नवल नाही, जपानहून आलेले भदन्त सुरई ससाई इथे कित्येक दशकं आहेत. स्वतःचा यहुदी धर्म मात्र त्याने कधी सोडला नाही. मठातून तो बाहेर पडला आणि १९९९ मध्ये मुंबई गाठली, रमेश बाळसेकरांच्या सकाळच्या सत्संगासाठी. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियाचे माजी प्रमुख आणि निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. खेतवाडीत विडीचं दुकान चालवणारे महाराज मराठीत बोलत आणि बाळसेकर ते परदेशी मंडळींना इंग्रजीत सांगत. कोहेनला जन्मभर नैराश्याने छळलं. ते याच सुमारास निवळलं, असं तो नंतर सांगायचा. कशामुळे, ते आपल्यालाही कळलं नाही, असंही.

आता या अल्बमला सगळे निरोपाचं पत्र म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. १३ ऑक्टोबर २०१६ ला, प्रकाशनाच्या आठवडाभर आधी, तो पत्रकारांसमोर आला. थोड्या दिवसांपूर्वी एका मुलाखतीत मरणाची तयारी झाली आहे असं बोलून गेला होता. त्यावर हसत म्हणाला, जरा अतिशयोक्ती झाली, माझा तर कायमचं जगायचा विचार आहे. त्याच दिवशी गायक-गीतकार बॉब डिलनला साहित्याचं नोबेल जाहीर झालं होतं. त्यावर याचा शेरा, हे म्हणजे एव्हरेस्टला सर्वांत उंच शिखर असल्याचं पदक लावण्यासारखं. निरवानिरव करणारा माणूस इतका मिस्कील असतो? गाण्यांतही देवाशी हुज्जत आहे, टोमणे आहेत. विझत चाललेल्या माणसापेक्षा पक्क्या कारागिराचंच ते काम आहे.

७ नोव्हेंबरच्या रात्री तो घरात पडला आणि झोपेत गेला. जगाला कळलं १० तारखेला, तिकडच्या संध्याकाळी. म्हणजे आपल्याकडे ११ नोव्हेंबर २०१६ ची सकाळ. तारीख ओळखीची वाटेल. पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्याला तिसरा दिवस, अख्खं नागपूर एटीएमच्या रांगेत. या खोलीतल्या काकांनीही बातमी मोबाईलवर रांगेतच वाचली. “नंबर येईपर्यंत अल्बम पूर्ण ऐकून झाला, अन् मशीनमधले पैसे संपले,” ते सांगतात.

(दृश्य: मुलगा गिटारवर तीन-चार स्वर शोधतो आहे.)

अ‍ॅडमजवळ वडिलांच्या आवाजाचे तुकडे उरले होते. त्यांना संगीत देऊन त्याने २०१९ मध्ये आणखी एक अल्बम काढला. मन लावून केलेलं काम आहे. पण एकेका गाण्यावर वर्षानुवर्षं खाडाखोड करणारा बाप या वेळी नाही म्हणायला हजर नव्हता, आणि ते मला जाणवत राहतं. तेव्हा २०१६ चा आधी ऐका. पहिल्या गाण्यावर थांबू नका, शेवटच्यात तंतुवाद्यं बराच वेळ एकटीच वाजतात, तिथवर जा. आणि मे महिन्यात नागपुरात असाल तर रात्री कूलर बंद करण्याची हिंमत ठेवा. तो आणि कोहेन एकाच पट्टीत घुमतात, शब्द कळत नाहीत.