‘मनाला लावून घेतलंय’ म्हणून सोडू नका

श्रोतेहो, नमस्कार.

एड्सचा पेशंट वॉर्डात दाखल झाला की सगळ्यांचं लक्ष ताप, खोकला आणि सीडी४, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या आकड्याकडे असतं. तो गप्प झाला, ताट न शिवता परत पाठवू लागला, गोळ्या उशीखाली ठेवू लागला, की नातेवाईक म्हणतात, “मनाला लावून घेतलंय, दुसरं काय!” राउंडवरचे डॉक्टरही कधी कधी मान हलवून पुढच्या खाटेकडे वळतात.

पण हा त्रास मेंदूचाही असू शकतो. सीडी४ दोनशेच्या खाली गेला की क्रिप्टोकॉकस ही बुरशी, टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी किंवा क्षयरोग मेंदूपर्यंत पोचण्याचा धोका वाढतो. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज वार विसरला, रात्री उठून “मी घरी निघालो” म्हणू लागला, तर त्याच वेळी सिस्टरना सांगा. स्कॅन किंवा पाठीतलं पाणी तपासावं लागेल. ही तपासणी लांबली तर जीव जाऊ शकतो.

एचआयव्हीवरच्या औषधांकडेही पाहावं लागतं. आधी सर्रास दिल्या जाणाऱ्या एफाविरेन्झनं काहींना भयानक स्वप्नं पडत, मन खचे. आताच्या डोल्युटेग्राविरनं काहींची झोप उडते. झटक्यांसाठी कार्बामाझेपिन सुरू केलं तर डोल्युटेग्राविरचा असर कमी होतो. म्हणून कुठल्याही डॉक्टरांपासून, मानसोपचाराच्याही, एआरटीच्या म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या लपवू नका.

आणि खरंच नैराश्य असेल, तर त्यावरही उपचार आहेत, एआरटीबरोबर घेता येतील असे. ते अंगावर काढलं की गोळ्या चुकतात, आणि गोळ्या चुकल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

पुष्कळदा मन मोडतं ते आजारानं नव्हे, खाटेशेजारी चाललेल्या कुजबुजीनं. याचा मला मनापासून राग येतो. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार पेशंटच्या संमतीशिवाय त्याचं निदान उघड करता येत नाही. न्यायालयाचा आदेश किंवा उपचार करणाऱ्यांची गरज, असे मोजके अपवाद आहेत. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचे पाहुणे त्यात बसत नाहीत. भावाला सांगायचं की वहिनीला, हे आधी पेशंटलाच विचारा.

एआरटी केंद्रात समुपदेशक असतात. पेशंट खाली जाऊ शकत नसेल तर त्यांना वॉर्डात बोलवायची विनंती करा. घरी गेल्यावर रात्री-बेरात्री मन फार खचलं, मरणाचे विचार येऊ लागले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा: १४४१६. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७ ही हेल्पलाइन. दोन्ही फोन मोफत आहेत आणि मराठीत बोलता येतं.