उजव्या सीटची तयारी

(दृश्य: भिंतीवरचं कॉकपिट, समोर प्लास्टिकची खुर्ची)

हे एअरबस ए-३२० या प्रवासी विमानाचं कॉकपिट. फ्लेक्सवर छापून घेतलेलं आणि छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत, एका भाड्याच्या खोलीत भिंतीला चिकटवलेलं. खुर्चीतला मुलगा जालना जिल्ह्यातला. घरी कपाशी आणि थोडी मोसंबीची बाग. कमर्शियल पायलटचं लायसन्स त्याच्याकडे आहे, एअरलाइनची लेखी परीक्षाही तो पास झालाय. आता मुलाखत, कॅप्टनशेजारच्या उजव्या सीटसाठी, म्हणजे सहवैमानिकाच्या जागेसाठी.

त्याचे हात बघा. डावा थ्रस्ट लिव्हरच्या, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायच्या दांड्याच्या जागी, उजवा साइडस्टिकच्या, म्हणजे विमान वळवायच्या दांड्याच्या. विमान धावपट्टीवर धावतंय. थांबायचं की उडायचं ते ठरवणारा व्ही-वनचा वेग ओलांडला आणि एक इंजिन गेलं, असं तो स्वतःच जाहीर करतो. हेच आधी घडलं असतं तर विमान थांबवायचं होतं. आता थांबायला धावपट्टी पुरणार नाही, उडायलाच हवं. पायानं रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबून नाक सरळ ठेवायचं, चाकं वर घ्यायला सांगायचं, आणि ४०० फुटांपर्यंत दुसऱ्या कशालाच हात घालायचा नाही. पुन्हा पहिल्यापासून. वैमानिक याला चेअर फ्लाइंग म्हणतात.

गावाहून डबा घेऊन आलेली आई दारातूनच विचारते, "कुणाशी बोलायलास रे एकटाच?"

(दृश्य: लॉगबुकची, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीची पानं)

इथवर यायला बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं. मग डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे पेपर: नेव्हिगेशन, हवामान, नियम, विमानाचं तंत्र. प्रत्येकात किमान ७० टक्के. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा, क्लास वन मेडिकल वेगळी. आणि किमान २०० तासांचं उड्डाण. हे पान त्यातलंच: ३०० नॉटिकल मैलांची क्रॉस कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचं उड्डाण, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून, सगळी जबाबदारी एकट्याच्या अंगावर. मुलाखतीत असं पान उघडून विचारतात. ढग कुठे लागले? इंधन किती उरलं? परत फिरावंसं कधी वाटलं? स्वतःच्या लॉगबुकमधली नोंद ज्याला धड सांगता येत नाही, त्याचं पुस्तकी ज्ञान तिथे फार वेळ टिकत नाही.

(दृश्य: रात्र, टेबलावर स्पीकरवर ठेवलेला फोन)

फोनवर आहेत लातूरचे एक फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. तयारी करणारी मुलं त्यांना सर म्हणतात. ड्युटी नसली की ते असे प्रश्न टाकतात.

"चिकलठाणा. एप्रिल, दुपारचे तीन. तापमान ४१, क्यूएनएच १००४. डेन्सिटी अल्टिट्यूड सांग."

डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणजे हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची. मुलगा कागदावर लिहितो. चिकलठाणा म्हणजे संभाजीनगरचं विमानतळ, त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फूट. या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश, म्हणजे हवा ३० अंशांनी जास्त तापलेली. अंशाला १२० फूट धरले तर ३६०० वाढतात. "साडेपाच हजार, सर."

"आणि दाब? दाब कुठे गेला?"

पेन थांबतं. क्यूएनएच म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबानं हवेचा दाब. प्रमाण दाब १०१३, इथे ९ने कमी. दाबाच्या एका एककाला ३० फूट, म्हणजे आणखी २७०. उत्तर पावणेसहा हजारांच्या आसपास.

"बरं. आता हे प्रवाशाला कळेल असं सांग."

आता खरी कसोटी. विमान उभं आहे आपल्या चिकलठाण्यालाच, पण हवा इतकी विरळ झालीय, की पंखांना आणि इंजिनाला ते पावणेसहा हजार फुटांवर असल्यासारखंच आहे. धावपट्टी जास्त लागणार, चढाई मंद होणार. वजन कमी करावं लागलं तर करायचं. मुलगा हे आधी मराठीत सांगतो, अडखळत. मग इंग्रजीत, जरा कमी अडखळत. आमच्या मते तयारीचा गाभा हा आहे. मराठवाड्यातल्या मुलांना विषय येत नाही असं नाही, तो तोंडातून बाहेर काढायची सवय त्यांना कुणी लावलेली नसते.

(दृश्य: चिकलठाण्याच्या धावपट्टीच्या टोकाचं कुंपण, पलीकडे बीड रस्ता)

इथे सर त्यांना मुद्दाम आणतात. २६ एप्रिल १९९३. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ इथून उडालं आणि या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरून चाललेल्या ट्रकला धडकलं. विमानातल्या ११८ जणांपैकी ५५ जण गेले. चौकशीत विमानाचं नाक उचलायला झालेला उशीर पुढे आला, आणि उड्डाणाच्या वेळी या रस्त्यावरची वाहतूक रोखली न जाणंही. वेग, वजन, तापमान हे आकडे पाठ कशासाठी करायचे, ते या कुंपणापाशी वेगळं शिकवावं लागत नाही.

(दृश्य: आरशासमोर मुलगा, इस्त्रीचा पांढरा शर्ट)

"टेल अस अबाउट युवरसेल्फ." याचं उत्तर त्यानं कितीदा बदललं असेल! पहिल्या उत्तरात गाव नव्हतंच. सरांनी ते परत घालायला लावलं. जिल्हा परिषदेची शाळा, मराठी माध्यम, सगळं. आंतरराष्ट्रीय नियमानुसार वैमानिकाचं इंग्रजी सहा बाबींवर जोखतात: उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद. सहापैकी चौथी पातळी पुरते. बोलण्यात गावाकडचा हेल असला तरी हरकत नाही, समोरच्याला नीट समजलं पाहिजे. ही एवढी गोष्ट आमच्या मुलांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवी होती. कितीतरी जण या एका धास्तीनं फॉर्मच भरत नाहीत.

आणखी एक गोष्ट सर घोटून घेतात. येत नसेल तर "माहीत नाही, सर" असं सरळ म्हणायचं. दोघांच्या कॉकपिटमध्ये अंदाज ठोकणारा जोडीदार कुठल्याच कॅप्टनला नको असतो. कॅप्टन चुकतोय असं दिसलं तर काय करशील, हाही प्रश्न येतो. तिथे मान खाली घालून चालत नाही. आदरानं, पण स्पष्ट बोलायचं. घरात मोठ्यांपुढे ब्र न काढलेल्या मुलांना हे सगळ्यात जड जातं.

मुलाखतीच्या दिवशी कॅमेरा गेटबाहेरच राहिला. नंतर मेल आला, सिम्युलेटर चाचणीला बोलावलंय. निवड झालीच तर टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवायच्या प्रशिक्षणाचे लाखो रुपये उभे करायचे आहेत, आणि शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता सुरू झालाय.

सरांचा फोन दर रविवारी रात्री सुरूच असतो. परभणी, हिंगोली, धाराशिवची मुलं-मुली जोडली गेली आहेत. लायसन्स हातात आहे आणि मुलाखत बाकी आहे, अशा कुणीही यावं. फी नाही. येताना स्वतःची लॉगबुक जवळ ठेवावी, पहिला प्रश्न तिच्यातूनच येतो.